फियाट घाटात तापते: थर्मोस्टॅट काढायचा की ठेवायचा?

घाटमाथा
नमस्कार मंडळी. घरात १९८४ ची प्रीमियर पद्मिनी (म्हणजे आपली फियाट) आहे, पेट्रोल, मूळचं १०८९ सीसी इंजिन. बाबांची गाडी, आता मी चालवतो. पुण्यात एरवी काही कुरकुर नाही. पण कोकणातून ताम्हिणीने परत येताना विळ्याच्या पुढे खरा चढ लागला की तापमानाचा काटा सरकायला लागतो. मागच्या खेपेला माथ्यावर पोचेपर्यंत ११० दाखवत होता आणि ओव्हरफ्लोच्या नळीतून पाणी चाललं होतं. काटा मूळचा नाही, मी नंतर बसवून घेतलाय.

एक मेकॅनिक म्हणतो, "थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावरच ते रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून फेका, आपल्याकडे त्याचं काय काम?" दुसरा म्हणतो रेडिएटर नवा टाका. गणपतीला श्रीवर्धनला जायचं आहे आणि सोबत आई असेल, त्यामुळे रस्त्यात प्रयोग नकोत. अनुभवी लोकांनी कृपया सांगावे.

काळीपिवळी
काढून टाका. मुंबईत इतकी वर्षं हजारो फियाट टॅक्सी धावल्या, त्यातल्या किती जणींत थर्मोस्टॅट शिल्लक होता ते विचारा कुणाही जुन्या ड्रायव्हरला. दादर ते फोर्ट मे महिन्याच्या ट्रॅफिकमध्ये चार माणसं आणि टपावर सामान घेऊन जायच्या. काही झालं नाही.

टॅपेट
काळीपिवळी, काही झालं नाही असं नाही, त्यांची इंजिनं ठरावीक काळाने उघडून झिजलेले सिलिंडर बोअर (घासून मोठे) करावे लागतच होते, ती धंद्यात धरलेली गोष्ट होती. घाटमाथा यांची गाडी महिन्यातून चारदा निघत असेल.

थर्मोस्टॅट इंजिनाचं किमान तापमान सांभाळतो, कमाल नाही. ऐंशीच्या आसपास उघडायला लागतो, आणि एकदा पूर्ण उघडला की त्यापुढे तो फक्त वाटेतली एक चकती आहे. १०० च्या वर गाडी जातेय म्हणजे तो चांगला असेल तर केव्हाच उघडलाय. तो काढून ११० चे ९० होणार नाहीत. उलट रोजच्या छोट्या फेऱ्यांत इंजिन कधी नीट तापणारच नाही. मग पेट्रोल जास्त खाणार, ऑइलमध्ये पाणी साठून गाळ होणार, सिलिंडर लवकर झिजणार.

अडकला असेल तर गोष्ट वेगळी. काढा, दोऱ्याला टांगून पातेल्यात पाण्यात सोडा आणि गॅस लावा. तळाला टेकू देऊ नका. त्यावर छापलेल्या आकड्याच्या आसपास तो हलायला लागला पाहिजे, आणि पाणी उकळेपर्यंत सताड उघडला पाहिजे. नाही उघडला तर बदला. हा घरचा खेळ आहे, मेकॅनिकही लागत नाही.

काळीपिवळी
पातेलं कुठलं वापरायचं हेही सांगा, घरून शिव्या मला पडतील.

दुधाणी
जुनं. आणि परत स्वयंपाकघरात आणायचं नाही.

बर्मिंगहॅमकर
माझ्याकडे इथे मॉरिस मायनर आहे. थर्मोस्टॅट काढण्यावरून इकडेही हाणामाऱ्या होतात. लोक एक कारण हमखास देतात: "थर्मोस्टॅट नसला तर पाणी इतकं वेगाने पळतं की त्याला थंड व्हायला वेळच मिळत नाही." हे चूक आहे. पाणी गोल फिरतंय. रेडिएटरमध्ये कमी वेळ थांबलं तर इंजिनातही कमीच वेळ थांबतं. प्रवाह वाढला की उष्णता जास्तच वाहून नेली जाते.

पण काही इंजिनांत थर्मोस्टॅट काढल्यावर गाडी खरोखर जास्त तापते, त्याचं कारण बायपास. मायनर, जुनी मिनी यांच्यात पाण्याची एक छोटी वाट रेडिएटरला वळसा घालून थेट पंपाकडे परत जाते. थर्मोस्टॅट काढला तर काही पाणी रेडिएटरचं तोंड न बघताच फिरत राहतं. म्हणून रेसवाले थर्मोस्टॅटच्या जागी नुसतं भोक न ठेवता बायपासचं तोंड बंद करणारी, बाहीसारखी कडी बसवतात.

इथे हिवाळ्यात अँटिफ्रीझ नसेल तर पाणी गोठून ब्लॉक तडकतो, त्यामुळे कूलंट घालायचं की नाही हा वादच नसतो. तुमच्याकडे काय घालता घाटमाथा?

घाटमाथा
नळाचं पाणी. बाबा तेच घालायचे. गेली काही वर्षं सोसायटीत बोअरवेलचं येतं.

टॅपेट
झालं. बोअरचं म्हणजे निम्मं उत्तर तिथेच मिळालं.

मांडवीकाठ
थांबा, इतक्यात निकाल नको. पण बोअरचं पाणी वाईटच. फियाटच्या या इंजिनाचा ब्लॉक (खालचा मुख्य भाग) बिडाचा आणि हेड (त्यावरचं झाकण) अ‍ॅल्युमिनियमचं. दोन वेगळे धातू आणि मधे क्षाराचं पाणी, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम आतून खात जाणार. क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतो तो वेगळा. रेडिएटर कॅप काढून आत टॉर्च मारा. इंजिन गार असताना, हे लिहायलाच हवं. वरच्या नळ्यांची तोंडं पांढरट दिसतायत का, किती उघडी आहेत, ते दिसेल.

आम्हां गोव्यात दुसरी गंमत. मडगावात माझ्या मामाच्या फियाटचा रेडिएटर आतून स्वच्छ होता तरी गाडी तापायची. खाऱ्या हवेने बाहेरच्या पात्या नळ्यांपासून सुटल्या होत्या. नखाने दाबलं तर हिरवी पूड पडायची. पाणी नळीतून जातं, पण उष्णता हवेला देणार कोण? असा रेडिएटर कितीही धुतला तरी उपयोग नाही, गाभाच बदलावा लागतो. तुमची गाडी पुण्यातली, त्यामुळे ही शक्यता कमी, पण नख लावून बघा. फुकट आहे.

अ‍ॅम्बीवाली
अ‍ॅम्बॅसॅडर घेतली असती तर हा धागा काढावाच लागला नसता.

काळीपिवळी
अ‍ॅम्बीताई, अ‍ॅम्बॅसॅडर घाटात तापत नाही कारण ती घाटापर्यंत पोचत नाही.

अ‍ॅम्बीवाली
पोचते, आणि तापते पण. फक्त आम्ही धागे काढत नाही, बॉनेट उघडून चहा पितो.

सासवडी
सगळे उपाय सांगतायत, निदान कुणी करेना. गाडी नेमकी कधी तापते यावर अर्धं कळतं.

ट्रॅफिकमध्ये उभी असताना तापते आणि मोकळ्या रस्त्यावर गार होते, तर हवेत खोट: पंखा, बेल्ट, पंख्याभोवतीचं कडं नाहीसं झालेलं. उलट, हायवेला सलग ऐंशीने चालवताना तापते आणि हळू चाललं की उतरते, तर पाण्यात खोट: रेडिएटर चोंदलाय, पंपाची पाती गंजून बोडकी झालीयत, किंवा खालचा होज (रबरी नळी) पंपाच्या ओढीने चपटा होतोय. त्या होजमध्ये आत स्प्रिंग असते. स्वस्तातला होज आणला की ती नसते. उभ्या गाडीत नीट दिसतो, अ‍ॅक्सिलरेटर वाढवला की आत ओढला जातो. कुणाला तरी गाडीत बसवा आणि तुम्ही बघा.

फक्त चढावर तापते हा तिसरा प्रकार. तिथे इंजिन जास्तीत जास्त उष्णता करतंय आणि वेग कमी असल्याने हवा कमीत कमी. सगळ्या छोट्या खोटा तिथे एकत्र उघड्या पडतात. म्हणून एकच प्रश्न: हे कधीपासून? त्याच्या आधी गाडीला काय काम केलं होतं?

आणि समोरून रेडिएटरचा फोटो टाका.

घाटमाथा
सासवडी, चांगला प्रश्न. गेल्या पावसाळ्यापर्यंत ताम्हिणीत असं नव्हतं. दिवाळीच्या आधी ट्यूनिंग केलं: प्लग, सीबी पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क), कार्बोरेटर साफ. चढावर इंजिन खडखड वाजायचं ते त्यानंतर बंद झालं, पण गाडी थोडी मरगळल्यासारखी वाटते.

फोटो टाकलाय.

सासवडी
फोटो बघितला. राव, रेडिएटर कुठाय? मला दोन फॉगलाइट, दोन भोंगे, पितळेचा गणपती आणि त्याखाली लिंबू-मिरची दिसतेय.

दुधाणी
बाप्पा आहेत म्हणून ११० वर थांबलं.

सासवडी
बाप्पांना डॅशबोर्डवर बसवा, फॉगलाइट बंपरच्या खाली घ्या. पण खरी गोष्ट तुमच्या ट्यूनिंगमध्ये आहे. "खडखड बंद झालं आणि गाडी मरगळली." बहुतेक मेकॅनिकने खडखड थांबवायला टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे घेतलं.

ठिणगी उशिरा पडली की पेट्रोल उशिरा जळतं, पिस्टन खाली निघाल्यावरही जळत राहतं. ताकद कमी मिळते म्हणून तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर जास्त दाबता, आणि जळता वायू एक्झॉस्टच्या वाटेतून जाताना हेड तापवत जातो. ती सगळी उष्णता पाण्यात. एरवी पेट्रोलच्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा पाण्यात जातोच, इथे त्यात भर. रेडिएटर कितीही मोठा लावा, तो बिचारा निस्तरतच राहणार.

दुसरं, मेकॅनिकने मुद्दाम केलं नसेल तरीही. नव्या पॉइंटची टाच सुरुवातीला भराभर झिजते, गॅप कमी होतो आणि टायमिंग आपोआप मागे सरकतं. गॅप परत तपासायला हवा होता. तिसरं, डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डब्याच्या) आत वेगाबरोबर ठिणगी पुढे आणणारी दोन वजनं असतात, जुन्या गाड्यांत ती वाळलेल्या ग्रीसने चिकटतात. त्याची टोपी काढा, आतला फिरता रोटर बोटाने फिरवून सोडा. स्प्रिंगने चटकन मागे आला पाहिजे. आळसावला तर अडकलंय.

टॅपेट
सहमत. मीही बोअरच्या पाण्यावर घाईच केली. पण पाणी बदलाच.

पेट्रोलपुराण
यात इथेनॉलचा मुद्दा कुणी काढला नाही? आता पंपावर सरसकट वीस टक्क्यांचं मिश्रण मिळतंय. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, म्हणजे जुन्या जेटवर (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं भोक) कार्बोरेटर गाडीला मिश्रण पातळ मिळतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. पातळ मिश्रण चढावर गरम चालतं. जेट एक नंबर मोठा करून बघा.

सासवडी
मुद्दा बरोबर आहे, पण क्रम सांभाळा. आधी टायमिंग, मग प्लगचा रंग बघा. चढ संपल्यावर लगेच इंजिन बंद करून प्लग काढा: पांढरेफटक निघाले तर पातळ, विटकरी-तपकिरी असतील तर जेटला हात लावू नका. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कुठल्याने काय झालं ते कळत नाही.

काळीपिवळी
चढावर गाडी आचके देऊन बंद पडते आणि अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते, त्याला लोक "तापली" म्हणतात. ते बऱ्याचदा पाण्याचं दुखणंच नसतं. पेट्रोल पंप इंजिनाला चिकटून असतो, तिथे पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसती हवा ओढतो. टॅक्सीवाल्यांचा उपाय: पंपावर ओलं फडकं. डिकीत पाण्याची बाटली आणि जुना बनियन ठेवायचाच.

ता.क. शेवटची पद्मिनी काळीपिवळी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि वीस वर्षं भरल्यावर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. त्या दिवशी आमच्या स्टँडवर पेढे कुणी वाटले नाहीत, एवढंच सांगतो.

अ‍ॅम्बीवाली
ओल्या फडक्याला अनुमोदन. ते आम्हीही करतो.

काळीपिवळी
चला, कशात तरी एकमत.

खोपोलीचा
आमच्या गावाला या विषयात बोलायचा हक्क आहे. द्रुतगती मार्ग नव्हता तेव्हा बोरघाट चढण्याआधी निम्म्या गाड्या खोपोलीत पाणी भरायच्या आणि उरलेल्या निम्म्या शिंग्रोबाच्या देवळापाशी बॉनेट उघडून उभ्या असायच्या. देवाला नाणं टाकायचं आणि गाडीला पाणी, दोन्ही एकाच थांब्यावर.

तिथे बघितलेली सगळ्यात महाग चूक म्हणजे उकळत्या गाडीची कॅप उघडणं. दाबाखालचं पाणी शंभरच्या वर असूनही उकळत नाही, कॅप उघडली की दाब जातो आणि सगळं एकदम वाफ होऊन तोंडावर येतं. दुसरी चूक, रिकाम्या झालेल्या गरम इंजिनात गार पाणी ओतणं. हेड तडकतं किंवा वाकतं.

काटा वर आहे पण पाणी आतच आहे, अशा वेळी इंजिन पटकन बंद करू नका. बाजूला घ्या, न्यूट्रल, थोडी रेस देऊन पंखा आणि पंप फिरू द्या. पाणीच गेलं असेल, वाफ निघत असेल, तर मात्र ताबडतोब बंद. आणि चढावर खालचा गिअर घ्या. तिसऱ्यावर ओढत बसलात तर इंजिनावर ताण, आणि पंखा-पंप दोन्ही संथ. दुसऱ्यावर आवाज जास्त येईल, येऊ द्या.

दुधाणी
माझा एक प्रश्न. आमच्याही फियाटमधून दरवेळी थोडं पाणी नळीतून बाहेर पडतं. मी दरवेळी काठोकाठ भरते, दरवेळी पडतं. म्हणजे गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग) गेलं का?

मांडवीकाठ
नाही ताई. काठोकाठ भरताय म्हणूनच पडतंय. पाणी तापून फुगतं, त्याला जागा लागते, आणि या गाड्यांना साठवणीची बाटली नसते. नळ्यांची तोंडं बुडून वर थोडं एवढंच भरा, मग पातळी कमी होते का ते बघा. तिथेच राहिली तर सगळं ठीक.

बाटली लावायची असेल तर नुसती नळी आत सोडून भागत नाही. कॅपला वरच्या कडेलाही रबर हवं, नाहीतर गार होताना गाडी बाटलीतलं पाणी ओढण्याऐवजी हवा ओढते. आणि जास्त दाबाची कॅप लावून शहाणपणा करू नका. दाब वाढवला तर उत्कलनबिंदू वाढतो हे खरं, पण चाळीस वर्षांपूर्वीची रेडिएटरची झाळ तो दाब धरेल असं नाही. मूळची जेवढ्याची तेवढ्याचीच.

गॅस्केटची शंका असेल तर गार इंजिन, कॅप उघडी, सुरू करा आणि आत बघा. हवा निघून गेल्यावरही बारीक बुडबुडे थांबत नसतील, किंवा ऑइलची काडी काढल्यावर साय दिसत असेल, तर गॅस्केट.

घाटमाथा
सगळ्यांचे आभार. आतापर्यंत जे केलं ते:

काट्याचा बल्ब (तापमान घेणारं टोक) काढून उकळत्या पाण्यात धरला. पुण्यात पाणी ९८ ला उकळतं असं धरलं तर काटा १०४ दाखवत होता. म्हणजे माझे ११० खरे १०४ च्या आसपास. तरी जास्तच, पण जीव थोडा भांड्यात पडला.

रोटर बोटाने फिरवला तर तसाच वळलेला राहिला. दोन्ही वजनं चिकटलेली. डिस्ट्रिब्युटर काढून रॉकेलमध्ये धुतला, हलकं ऑइल दिलं. पॉइंटची गॅपही मिटत आली होती, ती फीलर गेजने (फट मोजायच्या पट्टीने) लावली. मग टायमिंग लाइट लावून बघितलं तर ठिणगी खरंच बरीच मागे होती. ते जागेवर आणलं. गाडीला एकदम जान आली.

थर्मोस्टॅट पातेल्यात टाकला. उघडला, व्यवस्थित. परत बसवला. काळीपिवळी, क्षमस्व.

जुन्या कात्रज घाटात दुसऱ्यावर चढवून बघितली. काट्यावर ९६, म्हणजे खरे ९०.

टॅपेट
रेडिएटर? पाणी?

घाटमाथा
नानापेठेत एका रेडिएटरवाल्याकडे दिला. वरची टाकी झाळ सोडवून उघडली तेव्हा मी तिथेच होतो. एका कडेच्या नळ्या पूर्ण बंद, त्यात पातळ सळई घालून त्याने एकेक मोकळी केली. प्रत्येक नळीतून आधी खरवडल्यासारखा आवाज, मग भुरा चिखल, मग पाणी. नवा रेडिएटर लागला नाही.

ब्लॉकमध्ये लिंबूफूल घालून एक दिवस गाडी चालवली, मग पाणी नितळ येईपर्यंत धुतलं. आता डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट.

बर्मिंगहॅमकर
कूलंट किती? इथल्यासारखं निम्मं-निम्मं करू नका. कूलंटमधलं ग्लायकॉल पाण्यापेक्षा उष्णता कमी वाहतं. तुमच्याकडे गोठायची भीती नाही, त्यातलं गंजरोधक तेवढं हवंय. पाव ते तीस टक्के पुरे, डब्यावर किमान प्रमाण दिलेलं असतं ते बघा.

घाटमाथा
पाव घातलंय.

काळीपिवळी
सगळं बरोबर, पण थर्मोस्टॅटचं मला पटलेलं नाही. तुमची गाडी सुधारली ती टायमिंगने. तो तिथे होता म्हणून नव्हे.

टॅपेट
आम्ही तरी वेगळं काय म्हणत होतो?

काळीपिवळी
मग काढला असता तरी चाललं असतं ना?

टॅपेट
यावर वेगळा धागा काढा, मी येतो.

पेट्रोलपुराण
प्लगचा रंग?

घाटमाथा
तपकिरी. जेटला हात लावला नाही.

अ‍ॅम्बीवाली
श्रीवर्धनला जाताना ताम्हिणी उतारच आहे, तिथे काही होत नाही. खरी परीक्षा गणपतीच्या गर्दीत माणगावात. तिथे दोन-दोन तास गाडी हलत नाही. रांग थांबलेली दिसली की इंजिन बंद ठेवा, काटा वर जायची वाट बघू नका. परतीला पहाटे निघा म्हणजे विळ्याचा चढ उन्हाच्या आधी संपतो. सुटा फॅनबेल्ट आणि तो बदलायचे पाने डिकीत ठेवा. पंप, पंखा आणि चार्जिंग तिन्ही त्या एकाच बेल्टवर आहेत, आणि सणात माणगावला फियाटचा बेल्ट मिळणार नाही.

घाटमाथा
बेल्ट घेतलाय. ओलं फडकंही.